पुढे सरका

आमच्या घरात माया दाखवायचं एकच वाक्य आहे, "गोळी घेतली का?" आई आप्पांना विचारते, आप्पा आईला विचारतात, मी पुण्याहून फोन करून दोघांना विचारते आणि भाऊ बेंगलोरहून व्हॉट्सॲपवर विचारतो, त्याला तर आई नुसता अंगठा पाठवते. उत्तर "हो" आलं की मग पुढचं सगळं, पाऊस झाला का, शेजारच्यांचं बोअर लागलं का, वगैरे. गेल्या मे महिन्यापर्यंत मला कधी वाटलंच नव्हतं की आपण अर्धाच प्रश्न विचारतोय.

आणि वाटायला पाहिजे होतं, कारण माझा तर धंदाच हा आहे. मी डी.फार्मच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवते. औषध शरीरात शिरतं कसं, फिरतं कसं, तुटतं कसं आणि बाहेर पडतं कसं, चौदा वर्षं तोच खडू आणि तेच चार बाण.

आप्पा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन अठरा वर्षं झाली. आम्ही मूळ मिरजेचे. मिरज म्हणजे तंबोरे आणि दवाखाने, आता आमच्या घरात गाणारं कुणीच नाही त्यामुळे आमचा संबंध आला तो दवाखान्यांशीच. रिटायर होताना तिकिटांचा ट्रे डेपोत जमा करावा लागला पण सवय काही जमा झाली नाही. गोळ्यांच्या डब्यात त्यांनी पुठ्ठ्याचे खण केलेत, एकेका खणात एकेक स्ट्रिप, आणि एका वहीत रोजचा हिशोब. त्या वहीला ते वेबिलच म्हणतात. सकाळी किती, दुपारी किती, रात्री किती, खाली सही. स्वतःचीच.

तर वर्गात मी पण एसटीच सांगते. पोरं माझ्यामागे मला एसटी मॅडम म्हणतात हे मला माहितीय, म्हणू देत.

पोरांना वाटतं गोळी पोटात विरघळली की लागू झाली. नाही बाबांनो, जठर म्हणजे नुसतं स्टँड आहे, तिथे गर्दी थांबते, खरी चढाचढ लहान आतड्यात. म्हणून तर भरल्या पोटी घेतलेली गोळी उशिरा लागते, स्टँडमधून गाडी सुटायलाच वेळ लागतो ना. पुस्तकात लिहिलेलं असायचं की आतडं उलगडून पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल, मी पण तेच शिकवायचे, मग २०१४ मध्ये स्वीडनच्या दोघांनी नीट मोजलं तर अख्खी पचननलिका मिळून साधारण ३२ चौरस मीटर भरली, म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. आपल्या भाषेत साडेतीनशे स्क्वेअर फूट. पुण्यात त्याला वन आरके म्हणतात आणि त्यात चार माणसं राहतात, तेव्हा जागा कमी आहे असं काही नाही.

आतड्यातून रक्तात गेलं तरी लगेच सुटका नाही. आतड्याचं रक्त थेट हृदयाकडे जातच नाही, ते आधी पोर्टल व्हेनमधून लिव्हरकडे जातं आणि लिव्हर म्हणजे तपासणी पथक. काही औषधं तिथून जवळजवळ सगळी पार होतात, काहींचा निम्म्याहून जास्त माल तिथेच जप्त. छातीत दुखायला लागल्यावर सॉर्बिट्रेट गिळायची नाही, जिभेखाली ठेवायची असं जे सांगतात ते यासाठीच. जिभेखालचं रक्त लिव्हरला वळसा घालून सरळ हृदयाकडे जातं, गिळली तर बरीचशी लिव्हरमध्येच खपते आणि उशीर होतो तो वेगळाच. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "म्हणजे चेकर चुकवून जाणारी गोळी."

आता मूळ गोष्ट.

आप्पांचं हृदय गेली सहा-सात वर्षं जरा बेताल आहे, ठोके अनियमित आणि पंपिंग कमी. त्यासाठी इतर गोळ्यांबरोबर एक छोटी पांढरी गोळी चालू होती, डिगॉक्सिन, पाव मिलिग्रॅमची. ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतेय ते, कारण या गोळीच्या पुढे चिठ्ठीवर एक गंमतशीर ओळ असते, "शनिवार-रविवार सोडून". आपल्याकडे ही पद्धतच पडून गेलीय, आठवड्यात पाच दिवस गोळी आणि दोन दिवस सुट्टी. आप्पांना हे भयंकर आवडलेलं. "गोळीला पण वीकली ऑफ आहे, ते पण दोन दिवस, आम्हाला एकच होता."

सुट्टी का, तर ही गोळी शरीरातून फार हळू जाते. आपल्या ओळखीची पॅरासिटॅमॉल दोन-तीन तासांत निम्मी होते, पुढच्या दोन-तीन तासांत त्याची निम्मी. याला हाफ-लाइफ म्हणतात आणि पोरांचा दरवर्षी इथेच घोळ होतो, त्यांना वाटतं दोन हाफ-लाइफ झाल्या की औषध संपलं. संपत नाही हो. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, असं करत पाचेक वेळा झालं की मग हिशोबात धरण्यासारखं उरत नाही. आईच्या थायरॉईडच्या गोळीची हाफ-लाइफ आठवडाभराची आहे, म्हणून डोस बदलल्यावर डॉक्टर सहा आठवड्यांनी रिपोर्ट करायला सांगतात, त्याआधी रिपोर्ट केला तर तो जुन्या आणि नव्या डोसची खिचडी दाखवतो. (आई ती गोळी चहाबरोबर घेत होती, उपाशीपोटी पाण्याबरोबर घे आणि अर्धा-पाऊण तास चहा नको हे पटवायला मला तीन वर्षं लागली. पोरगी फार्मसीची मॅडम असून उपयोग काय ते सांगा.)

डिगॉक्सिनची हाफ-लाइफ चांगल्या किडनीत दीड दिवसाची. आणि चांगल्या किडनीत हे दोन शब्द महत्त्वाचे, कारण बऱ्याच औषधांना आधी लिव्हर तोडतं मग किडनी बाहेर टाकते, पण ही बरीचशी जशीच्या तशी किडनीतून जाते. तिला उतरायला मुख्य दार एकच आहे.

गेल्या मे महिन्यात मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, ऊन म्हणजे नुसता फुफाटा, आप्पांनी दोन दिवस मांडवात उभं राहून पाहुण्यांना पंगतीत बसवलं, कुणी सांगितलं नव्हतं पण माणसं बसवायची म्हटलं की त्यांना राहवत नाही. गुडघे धरले. मग त्यांनी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गुडघ्याची गोळी आणली, डायक्लोफेनॅकवाली, दिवसाला दोन, आणि वेबिलवर लिहिली नाही कारण ती "डॉक्टरांची गोळी नव्हती". त्यातच आमरस-मठ्ठ्याने म्हणा कशाने म्हणा, तीन दिवस जुलाब. आईने फोनवर सांगितलं, पोट बिघडलंय, जेवत नाहीत, मळमळतंय म्हणतात. मी विचारलं, गोळ्या घेतायत ना? हो, गोळ्या चुकवलेल्या नाहीत. मग ठीक आहे, म्हटलं ओआरएस द्या.

पाचव्या दिवशी आप्पा स्वतः फोनवर आले. म्हणाले, "अगं, आईनं भिंतीला रंग दिला काय गं? सगळं पिवळं पिवळं दिसतंय."

घरी सगळे हसले. आई म्हणाली आमरस डोक्यात गेला. भाऊ म्हणाला कावीळ असेल, नाहीतर मोतीबिंदू. आणि मी स्टाफरूममध्ये फोन धरून उभी होते आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण हेच वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. डिगॉक्सिन जास्त झालं की भूक जाते, मळमळतं, नाडी मंदावते, आणि पिवळं-हिरवं दिसतं. परीक्षेत हमखास दोन मार्कांना येतं.

हे काही नवीन शोध नाहीत. या गोळीचं घराणं फॉक्सग्लोव्ह नावाच्या इंग्लंडकडच्या झाडाचं, घंटेसारखी जांभळी फुलं येतात त्याला. विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरला श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीचा सूज उतरवायचा घरगुती काढा कळला, त्यात वीसेक वनस्पती होत्या, त्यातली कामाची ही एकच हे त्याने ओळखलं आणि मग दहा वर्षं रोग्यांवर नोंदी ठेवून १७८५ मध्ये सगळं छापलं. त्यात त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय की जास्त झालं तर ओकाऱ्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, नाडी ३५ पर्यंत उतरते. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला माहीत होतं आणि मी ओआरएस द्या म्हणाले.

रात्रीच्या गाडीने मिरजेला गेले. तोवर भावाच्या मित्राने आप्पांना ॲडमिट केलं होतं. नाडी ४२. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात चढतं ते, २.१. रक्तातलं डिगॉक्सिन ३.२, ते एकच्या आत असलं तर बरं आणि दोनच्या पुढे गेलं की धोका.

झालं काय होतं ते मला बाकड्यावर बसल्या बसल्या कळलं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, किडनीला रक्त कमी पडलं. अशा वेळी किडनी स्वतःच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला काही द्रव्यं तयार करते, आणि डायक्लोफेनॅक नेमकी तीच द्रव्यं बनणं थांबवतं, गुडघ्यातली थांबवायची म्हणून घेतलेली पण गोळीला काय माहीत गुडघा कुठला आणि किडनी कुठली. ती स्वतः दोनेक तासांत निम्मी होते, फार राहत नाही. पण काही लोक असतात ना, आपल्या स्टॉपला उतरायच्या आधी दोन स्टॉप दारात उभे राहतात आणि मागच्या कुणालाच उतरू देत नाहीत, तसलं.

डायक्लोफेनॅकवरून एक सांगते, थोडं अवांतर आहे. आप्पा पूर्वी घाटातल्या गाड्यांवर असताना रस्त्याच्या कडेला मेलेल्या ढोरावर गिधाडं बसलेली दिसायची, गाडीचा हॉर्न ऐकून पण उठायची नाहीत म्हणे. मग कधीतरी दिसायची बंद झाली. ती का गेली ते २००४ मध्ये कळलं, जनावरांना दुखण्यावर हेच औषध टोचत होते, ते जनावर मेलं की मांसात उरलेलं गिधाडांच्या पोटात, आणि गिधाडांची किडनी त्याने बंद पडायची. आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवच्या वर संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. म्हणजे औषध गायीच्या अंगातून निघालं नव्हतं, आणि गायीचं दुखणं तर केव्हाच थांबलेलं. आप्पांना हे सांगितलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "एका गोळीवर गिधाड पण गेलं आणि मी पण चाललो होतो."

भावाने फोनवर विचारलं, मग डायलिसिस करून काढून टाका ना ते. सरळ प्रश्न आहे, कुणालाही पडेल. नाही निघत. डायलिसिसने रक्त धुतात आणि हे औषध रक्तात नसतंच फारसं, ते स्नायूंमध्ये जाऊन बसतं. किती, तर हिशोबासाठी एक आकडा काढतात, सगळं औषध रक्तातल्याइतकंच पातळ धरलं तर ते मावायला किती लिटर पाणी लागेल. डिगॉक्सिनचा हा आकडा धडधाकट माणसात किलोमागे ७ लिटर. आप्पा ५० किलोचे, म्हणजे साडेतीनशे लिटर! ५० किलोच्या माणसात साडेतीनशे लिटर कुठून आले असं पोरं ओरडतात, तर तसे ते नसतातच, तो नुसता कागदावरचा आकडा, पण तो हे सांगतो की गाडीत दिसतायत चार माणसं आणि टपावर बसलेत चाळीस.

आणि म्हातारपणी टपच लहान होतो. आप्पांच्या पोटऱ्या म्हणजे दगड होत्या, दिवसाचे आठ-आठ तास चालत्या गाडीत उभं राहून, हात न धरता, एका हाताने चिमटा वाजवत. मी लहानपणी त्यावर बुक्क्या मारायचे. आता त्या दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीखाली पाहिल्या तर नुसती नळी आणि त्यावर सैल कातडी. त्या पोटऱ्यांत जे मावायचं ते आता रक्तातच राहणार. गोळी तीच पाव मिलिग्रॅमची, स्ट्रिपवरचा आकडा बदललेला नाही, माणूस बदलला.

खरं दुखलं ते दुसऱ्या दिवशी. जुनी फाइल चाळताना जानेवारीचा रिपोर्ट निघाला, क्रिएटिनिन १.३. लॅबच्या मर्यादेत बसत होता, ठळक अक्षरात आला नव्हता, म्हणून तेव्हा मी फोटो बघून "नॉर्मल आहे" असं टाकलं आणि पुढे सरकले. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, ज्याला स्नायूच नाहीत त्याचं ते कमीच दिसणार. म्हणून किडनी किती गाळते ते काढायचं एक साधं गणित आहे, १९७६ पासून जगभर वापरतात, मी पोरांकडून पाठ करून घेते, १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. आप्पांचं वय ७६. चौसष्ट गुणिले पन्नास, भागिले त्र्याण्णव पॉइंट सहा. चौतीस. तरुण माणसाचं शंभरच्या आसपास असतं. म्हणजे जुलाब, लग्न, गुडघे हे सगळं व्हायच्या आधीच, जानेवारीतच, दार एक तृतीयांश उघडं होतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वीस सेकंदांचं काम.

आणि ती शनिवार-रविवारची सुट्टी. शुक्रवारी सकाळी गोळी, मग एकदम सोमवारी, मधे ७२ तास. हाफ-लाइफ दीड दिवसाची असेल तर सोमवारपर्यंत पाव हिस्सा उरतो, छान. पण तीच तीन दिवसांवर गेली असेल तर सोमवारी सकाळी निम्मी अजून आतच असते आणि वरून नवीन चढते. मला विचाराल तर हा दोन दिवस सुट्टीचा प्रकार मला कधीच फार पटलेला नाही, किडनी बघून रोज थोडी कमी द्यावी हे जास्त सरळ आहे, पण डॉक्टर मी नाही आणि माझं पटणं-न पटणं मी तेव्हा घरात बोलले पण नव्हते, त्यामुळे आता शहाणपणा करत नाही.

उपाय काय, तर थांबायचं. गोळी बंद, सलाइन, ईसीजीचा पडदा. फारच जिवावर आलं तर मेंढ्यांमध्ये तयार केलेल्या अँटिबॉडीजचं एक इंजेक्शन असतं, तशी वेळ आली नाही. आठवडाभर मी त्या वॉर्डात बसून लघवीची पिशवी बघत होते. इतकी वर्षं मी एक्स्क्रीशन हा धडा शेवटच्या तासाला उरकायचे, पोरांचं लक्ष नसतं, माझंही नसायचं, त्यात असतं काय, लघवी, घाम, शी. मग रिफॅम्पिसिन सांगून हशा मिळवायचा, टीबीच्या त्या गोळीने लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी पण केशरी होतं, ते औषध बाहेर पडताना डोळ्यांना दिसतं.

त्या आठवड्यात मात्र मला सारखी ऑक्सफर्डची गोष्ट आठवत होती. फेब्रुवारी १९४१, ॲल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस जंतुसंसर्गाने मरायला टेकलेला, त्याला पेनिसिलिन दिलं. आजवर तयार केलेलं सगळं मिळून मूठभर. माणूस सुधारला, जेवायला लागला, पण पेनिसिलिन किडनीतून इतकं भरभर जातं की साठा संपत आला, तेव्हा हे लोक त्याची लघवी गोळा करून लॅबमध्ये न्यायचे, त्यातून पेनिसिलिन परत काढायचे आणि परत त्यालाच टोचायचे. तरी पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. तिकडे औषध थांबत नव्हतं म्हणून माणूस गेला, आणि इथे जात नाही म्हणून मी पिशवीवरच्या रेघा मोजत होते, सिस्टरला म्हणत होते, दोनशे झाली ना, दोनशे? सिस्टर म्हणाली, मॅडम, तुम्ही जरा चहा पिऊन या.

चौथ्या दिवशी रक्तातलं डिगॉक्सिन १.५. सातव्या दिवशी ०.८. नाडी ६४. पिवळेपणा एकदम नाही गेला, आधी चादर पांढरी झाली म्हणाले, मग भिंत, आणि सगळ्यात शेवटी ट्यूबलाइट. निघताना त्यांनी वॉर्डबॉयला विचारलं, भिंतीला खरंच रंग कुठला आहे. फिकट पिवळाच होता.

आता डिगॉक्सिन बंद आहे, नाडीसाठी दुसरी गोळी सुरू केलीय, ती लिव्हरमधून जाते. गुडघ्याला तेल आणि शेक, फारच झालं तर पॅरासिटॅमॉल, ती पण विचारून. वेबिलला आप्पांनी स्वतःहून नवीन रकाना पाडलाय, पाणी किती तांबे आणि लघवीला किती वेळा, आणि हे ते मला रोज संध्याकाळी फोनवर मोठ्याने वाचून दाखवतात. ऐकू कमी येतं म्हणून आवाज चढलेला, मी बऱ्याचदा स्टाफरूममध्ये असते. "सकाळपासून सात!" सगळी स्टाफरूम ऐकते.

पहिल्या शनिवारी मात्र सकाळी सातलाच फोन आला.

"अगं, आज शनिवार. गोळी सोडली बघ."

"नाही आप्पा, ती जुनी गोळी बंद झाली. ही नवीन आहे, ही रोज घ्यायची."

"शनिवारी पण?"

"शनिवारी पण. रविवारी पण."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"युनियन नाही वाटतं हिची," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.